उजव्या डोळ्याची पारख

शहापूरच्या काकांनी मला फसवलं. पुढचं सगळं सांगण्याआधी हे लिहून ठेवतो. आत बुरशी धरलेली लेन्स त्यांनी हातात घेतली, ‘स्वच्छ आहे, घे,’ म्हणाले आणि मी घेतली. धसईच्या बाजारात मला कोणी कधी टोपलीच्या तळाची जून भेंडी खपवू शकलं नाही. मला फसवलं ते एका म्हाताऱ्या फोटोवाल्याने. आणि फसवलं तरी त्यांच्याबद्दल लिहिताना अहोजाहो सुटत नाही.

ते माझ्या नात्यातले नव्हते. शहापूरला स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. पुढे स्टुडिओ, मागे घर, मध्ये एक पडदा. पडद्यामागून काकूंच्या फोडणीचा वास यायचा आणि पासपोर्ट फोटो काढायला बसलेली माणसं शिंकायची. काकांचा शर्ट गळ्यापर्यंत बंद. खिशात पेनाच्या जागी लेन्स झटकायचा मऊ ब्रश. फोटो काढताना त्यांनी कधी ‘एक, दोन, तीन’ म्हटलं नाही. ‘तीन म्हटलं की माणसाचा पुतळा होतो,’ म्हणायचे. ते गिऱ्हाइकाला विचारायचे, गाव कुठलं, घरात माणसं किती, म्हैस व्याली का. माणूस म्हशीबद्दल सांगायला लागला की खटका दाबून मोकळे. डोळखांबकडच्या पाड्यांवरची माणसं रेशनकार्डाच्या फोटोसाठी मैलोन् मैल चालत त्यांच्याकडे यायची, कारण त्यांच्या फोटोत ती जिवंत दिसायची.

मी मुरबाड तालुक्यातला. भाजी विकत होतो. नव्वदीच्या दशकात त्या कमाईतून एक जुना फिल्मचा कॅमेरा घेतला आणि लग्नं करायला लागलो. मला कोणी शिकवलं नाही, कोणी हात धरला नाही. फिल्म धुवायला शहापूरला जायचो. पहिल्याच दिवशी मी काकांशी भावावरून घासाघीस सुरू केली.

‘कमी करतो ना,’ काका म्हणाले. ‘अर्धा फोटो धुऊन देतो. डोकं ठेवू का पाय, तेवढं सांग.’

मी भडकलो. भडकणं मला जमतं. माझी एक पद्धत आहे, आजही आहे. सौदा अडला की मी उठतो आणि एक चप्पल घालतो. एकच. दुकानदाराला कळतं की दुसरी घातली की गिऱ्हाईक गेलं. दहातले नऊ तिथेच नरम पडतात. काकांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि काकूंना हाक मारली, ‘अगो, ह्या मुरबाडकराची दुसरी चप्पल जरा पुढं सरकव. त्याला सापडत नाय.’

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी मुरबाडकर.

दोन हजार सालानंतर डिजिटल कॅमेरे आले आणि आमच्या दोन्ही तालुक्यांतले फोटोवाले येडे झाले. जो तो मेगापिक्सेलचं बोलायचा. माझा सहा, तुझा आठ. काका हसायचे. ‘मेगापिक्सेल म्हणजे पोत्यावर लिहिलेलं वजन. आत तांदूळ कुठला, ते बोला.’ तांदूळ म्हणजे लेन्स. कॅमेरा दोन वर्षांनी म्हातारा होतो, लेन्स म्हातारी होत नाही, असं ते प्रत्येकाला सांगायचे. मग लेन्स निवडायला लोक त्यांच्याकडे जाऊ लागले. ते विकत नव्हते. दलाली घेत नव्हते. फक्त सांगायचे.

सांगायची तऱ्हाही त्यांचीच. आधी लेन्सचा विषयच काढायचा नाही. गिऱ्हाइकाला पडद्यामागे स्वतःच्या घरात न्यायचं आणि मधोमध उभं करायचं.

‘हे नवरीचं घर समज. ही चूल. इथं नवरी हळदीला बसलीय. ह्या पाच करवल्या, ही आई, ही म्हातारी. घे सगळ्यांना फोटोत.’

माणूस मागे मागे सरकायचा आणि शेवटी भिंतीला टेकायचा.

‘लागली पाठ? आता तुला मागं जाता येत नाय. आता लेन्सनंच मागं जायला पायजे. तुला रुंद लेन्स लागते. लांबची घेतलीस तर नवरीच्या नाकातली नथ येईल, नवरी नाय येणार.’

जुन्या फिल्मच्या लेन्सा नव्या कॅमेऱ्याला लावल्या की चित्र आकसतं, हे आमच्यापैकी कोणाला कळत नव्हतं. काहीजण तर खूश होते, लांबची लेन्स फुकटात मिळाली म्हणून. काकांनी आम्हाला खिडकीपाशी नेलं. तिथून माहुलीचा डोंगर दिसतो. त्यांनी वर्तमानपत्राच्या घड्या करून खिडकीच्या चारी कडा झाकल्या.

‘डोंगर जवळ आला का?’

‘नाही.’

‘मग काय झालं?’

‘कडा गेल्या.’

‘एवढंच होतं. फिल्मच्या जागी आलेला छोटा सेन्सर म्हणजे पेपर लावलेली खिडकी. लेन्स तीच, डोंगर तोच. कडेला उभा असलेला मामा गेला.’

तानसाजवळच्या शाळेतले एक गुरुजी त्यांच्याकडे तलावावरच्या पक्ष्यांसाठी हातभर लांब लेन्स विचारायला आले होते. काकांनी त्यांना सांगितलं, ‘दोन रविवार कॅमेऱ्याशिवाय काठावर जाऊन बसा. हलायचं नाय.’ गुरुजी खरंच बसले. तिसऱ्या सोमवारी मानेवर मुंग्या चावल्याच्या गाठी घेऊन आले आणि म्हणाले, ‘काका, पक्षी जवळ येतो. पण मी इतका वेळ नाही बसू शकत.’ काका म्हणाले, ‘मग घ्या लांबची. आता तुमाला माहितीय कशासाठी घेताय ते.’

मलाही लांबचीच हवी होती. माझी कारणं वेगळी होती. मांडवात मी हातभर लेन्स घेऊन उतरलो की बिदागीचं बोलणं वरच्या पट्टीत सुरू होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

‘काका, गिऱ्हाईक लेन्सची लांबी बघून भाव देतं.’

‘मग पुढं दुधी भोपळा लाव.’

‘तुम्हाला धंदा कळत नाही.’

‘आणि तुला घर कळत नाय. तुझी लग्नं होतात कुठं? पडवीत, ओटीवर. तिथं भोपळा घेऊन कुठं उभा राहणार?’

आमची अशी तीन-चार भांडणं झाली. शेवटी मी ऐकलं. मी सहसा ऐकत नाही, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि बरोबर माल मला ओळखता येतो. त्यांनी सतरा ते पन्नास मिलिमीटरची एक लेन्स सांगितली. जवळूनही सगळं घर घेणारी आणि भरपूर उजेड आत ओढणारी. म्हणजे एका बल्बाच्या खोलीतही हळद हळदीसारखी दिसणार. नवी मला परवडणारी नव्हती. कल्याणला एकाकडे वापरलेली मिळत होती. दोन दिवस बघायला नेतो, असं सांगून मी ती आणली.

इथे किन्हवलीच्या फोटोग्राफरबद्दल सांगितलं पाहिजे. माझ्याच वयाचा, माझ्याच धंद्यातला. गोड बोलणारा, कोणाशी वाकडं न घेणारा. मला जुनी लेन्स घ्यायचीय हे कळल्यावर तो मला म्हणाला होता, ‘काकांना दाखवल्याशिवाय घेऊ नको हां. काकांनी स्वच्छ म्हटली की डोळे मिटून घ्यायची.’ त्याचं हे वाक्य लक्षात ठेवा.

आमच्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी धरते. काचांच्या मध्ये, आत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. वरून पुसून जात नाही आणि सरळ बघितलं तर दिसतही नाही. एका बाजूने प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने बघावं लागतं. काकांची परीक्षा ठरलेली होती. खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचं. लेन्स कानाला लावून रिंग फिरवायची, आत वाळूचा कण करकरतो का ते ऐकायचं. मग मागचं टोक नाकाला लावून वास घ्यायचा. ‘बुरशीला वास असतो, बंद ट्रंकेसारखा.’ शेवटी डाव्या हातात टॉर्च, उजव्या हातात लेन्स आणि उजवा डोळा. त्या वेळी स्टुडिओत कोणी बोलायचं नाही. माझ्या लेन्सचंही हे सगळं झालं.

‘स्वच्छ आहे,’ काका म्हणाले. ‘घे.’

मी कल्याणवाल्याला आणखी पाडून ती घेतली.

वैशाखात धसईकडच्या एका गावात मोठं लग्न होतं. घर तालेवार, चार गावांत सोयरीक. त्या घरात दोन मुली होत्या आणि हे थोरलीचं लग्न. हे लग्न नीट झालं असतं तर त्या पंचक्रोशीतली पुढची दहा वर्षं माझी होती. मुहूर्त संध्याकाळचा. मांडव पश्चिमेला उघडा. नवरा-नवरीच्या मागे मावळतीचं ऊन, केसांना सोन्याची कड. मी मुद्दाम समोरून, उजेडाकडे तोंड करून फोटो काढले. असे फोटो तोवर आमच्याकडे कोणी काढले नव्हते. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा काड्यापेटीएवढा. त्यात सगळं झकास दिसत होतं.

घरी ते संगणकावर मोठे करून उघडले. माळा, अक्षता, होमाची प्रदक्षिणा, सगळ्या फोटोंवर दूध सांडलं होतं. चेहरे होते, पण पातळ कापडाच्या पलीकडे असल्यासारखे. मी लेन्स दिव्यासमोर तिरपी धरली. आत जाळं होतं, आणि समोरून उजेड आला की तेच दुधासारखं पसरतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

अल्बम घेऊन मी स्वतः गेलो. पळून जाणाऱ्यातला मी नाही. नवरीच्या बापाने चार पानं उलटली.

‘वैशाखात धुकं पडलं होतं का रे?’

नवरीची आत्या त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. ‘अगो बाई, पोरगी आपली, पण तोंड कुणाचं ते पण कळत नाय.’

ओटीवर हशा झाला. मी पैसे परत दिले. ते दिले याचं मला काही वाटत नाही. पण पुढच्या बाजारापर्यंत मुरबाडच्या स्टँडवर माझं नवं नाव पोहोचलं होतं, धुकेवाला. चहावाल्यापासून बँडवाल्यापर्यंत. ‘धुकेवाले, तारीख रिकामी आहे का?’ असं विचारायचे आणि हसायचे. तारखा खरंच रिकाम्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्याच घरातल्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. फोटोंचं काम किन्हवलीच्या फोटोग्राफरला मिळालं.

अल्बम देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहापूर गाठलं. वाटेत एस.टी.त मी काकांना काय काय बोलणार, ते पाठ केलं. आत शिरल्या शिरल्या लेन्स स्टुलावर ठेवली आणि सुरू झालो. चाळीस वर्षांचा अनुभव, माहुलीचा डोंगर, बंद ट्रंकेचा वास, सगळं काढलं.  काकांनी लेन्स उचलली. कानाला लावली. वास घेतला. टॉर्च उचलला, बटण दाबलं. बटणाचा आवाज आला. दिवा लागला नाही.

काकांनी तो विझलेला टॉर्च लेन्सच्या मागे धरला, उजवा डोळा पुढे नेला, नेहमीइतका वेळ घेतला आणि म्हणाले, ‘स्वच्छ तर आहे. काय भांडतोस?’

आवाज चढलेला असताना मी मध्येच गप्प झालो, असं आयुष्यात एकदाच झालंय. ते तेव्हा.

काकू पडद्याशी चहा घेऊन उभ्या होत्या. ‘सेल संपलेत त्यातले,’ त्या म्हणाल्या. ‘आठवडा झाला. म्हटलं, बदलून काय करायचंय.’

काकांनी टॉर्च खाली ठेवला. बराच वेळ ब्रशाने स्टूल झटकत बसले. मग म्हणाले, ‘काचबिंदू. मोतीबिंदू असता तर कापून निघाला असता. हा कडेकडेनं खात येतो. उजवा गेला. डाव्यात थोडं आहे.’

‘मग डाव्याने बघायचं होतं!’

‘डाव्यानं मी आयुष्यात फोटो काढला नाय, मुरबाडकर. डाव्यानं बघितलं असतं तर समोरच्याला कळलं नसतं का?’

‘दिसत नाही म्हणून सांगायचं होतं.’

‘सांगितलं असतं. मग दुसऱ्या दिवशी इथं कोण येणार होतं? पासपोर्ट फोटोला पण माणूस येत नाय आता. लेन्स दाखवायला येतात म्हणून दार उघडतो.’ मग म्हणाले, ‘तू भाव करणारा माणूस. कर भाव. काय घेऊन गप्प बसशील?’

मी म्हणालो, ‘एकच अट. यापुढे कोणाची लेन्स बघायची नाही.’

‘ते सोडून काही पण माग.’

‘दुसरं काही नको.’

‘माझी स्वतःची लेन्स घे. पन्नासची. अजून नवी आहे.’

‘नको.’

मी उठलो. सवयीने एक चप्पल घातली आणि थांबलो. काका समोर बघत होते. माझ्या पायांकडे त्यांची नजर गेलीच नाही. जिच्यावर मी अख्खा धंदा उभा केला, ती युक्ती त्यांना दिसतच नव्हती. मी दुसरी चप्पल घातली आणि म्हणालो, ‘जातो. कोणाला सांगणार नाही.’

दोन्ही तालुक्यांतला पक्का भाव करणारा त्या दिवशी फुकटात सौदा करून बाहेर पडला. का, ते मला विचारू नका. पुढच्या खेपेला मी टॉर्चसाठी सेल नेले. उघडा पडायचा असेल तर म्हातारा निदान सेलांमुळे तरी पडू नये. मग दर दोन-तीन महिन्यांनी नेत राहिलो. काकू काही बोलायच्या नाहीत, मोठ्या कपात चहा द्यायच्या. काका तसेच लेन्सा कानाला लावत राहिले. मी बाजारात धुकेवाला राहिलो. एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो. ‘काकांनी पास केलेली लेन्स होती, आणि काकांना दिसत नाही.’ ते वाक्य चार वर्षं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. लोकांनी मला तोंडावर चिडवलं, मी शिव्या दिल्या, एकाची कॉलर धरली. पण ते वाक्य बोललो नाही.

काका गेले. दहाव्याला नदीवर दोन्ही तालुक्यांतले फोटोवाले जमले होते. पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत सगळे काठावर बसले होते. कोणी गुरुजींच्या मुंग्यांची गोष्ट सांगत होता, कोणी म्हशीची. किन्हवलीचा फोटोग्राफर प्रेमाने म्हणाला, ‘शेवटी शेवटी काकांना दिसत नव्हतंच ना. आमी आधी घरीच टॉर्च लावून बघून घ्यायचो, मग त्यांच्याकडं न्यायचो. ते स्वच्छ म्हणायचे. बरं वाटायचं त्यांना.’

दोन-तीन माना हलल्या.

मी विचारलं, ‘तुला कधीपासून माहीत होतं?’

‘लय दिवस झाले. तुझी ती कल्याणची लेन्स ना, त्याच्या आदल्या पावसाळ्यापासून.’

‘तू मला त्यांच्याकडे पाठवलंस. डोळे मिटून घे म्हणालास.’

‘अरे, मला वाटलं तू तुझी बघितली असशील.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

तो आजूबाजूला बघून हसला. ‘तुला कोण सांगणार, रे? तू स्टँडवर उभा राहून बोंबलला असतास. काकांची अब्रू गेली असती.’

मी उठलो तेव्हा मला तिघांनी धरलं. काकूंचा भाऊ म्हणाला, आज नको. मी आज नको हे मान्य केलं, काकूंकडे बघून.

आता दहावा होऊन वर्ष झालं, म्हणून लिहितो.

काकांनी मला फसवलं, पण ते समोर बसून कबूल झाले आणि माझ्याकडे तोंड उघडून मागितलं. ते मी दिलं. तो विषय त्यांचा आणि माझा होता, तो संपला. किन्हवलीकर, तुझा संपलेला नाही. तू मला बोंबल्या समजलास, आणि त्याच तोंडाने मी चार वर्षं त्यांची अब्रू राखली. तू गप्प राहिलास तेव्हा तुझं काही गेलं नाही. उलट एक लग्न आलं. मला धुकेवाला म्हणून हाक मारणाऱ्यांत तू पण होतास, मी ऐकलंय.

मला तुझा पश्चात्ताप नको, चहा नको. मला पैसे नकोत. बाजाराच्या दिवशी मुरबाडच्या स्टँडवर ये. तिथे चहावाला असेल, बँडवाले असतील, धसईकडचीही माणसं असतील. त्यांच्यासमोर सांग की ती लेन्स आंधळ्या हातात जातेय हे तुला माहीत होतं आणि तू बोलला नाहीस. माझा फोटोचा गाळा समोरच आहे, सकाळी आठपासून उघडा असतो. मी आवाज चढवणार नाही. बोलायचं तुला आहे.